डावीकडे वळायचा हुकूम : पोर्ट शिकागो, १९४४

पाच हजार, दोन हजार, तीन हजार. हे तीन आकडे आधी लिहून ठेवा, पुढचे प्रकरण समजायला सोपे जाईल.

जुलै १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका नौदल बंदरात स्फोट होऊन ३२० माणसे गेली. प्रत्येक मृताच्या घरच्यांना पाच हजार डॉलर मिळावेत, अशी मागणी अमेरिकी नौदलाने तिथल्या संसदेकडे केली. मेलेल्यांत बहुतेक काळे आहेत हे कळल्यावर मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन यांनी रक्कम दोन हजारांवर आणायचा हट्ट धरला. शेवटी तीन हजारांवर तोडगा निघाला. वंशभेद म्हटला की आपल्याला शिवीगाळ, मारहाण, वेगळे नळ, वेगळे डबे आठवतात. इथे सगळे कागदावर झाले, ठराव करून, रीतसर. म्हणूनच हे प्रकरण मला अभ्यासाचे वाटते. आणि त्याचा सगळा पीळ एका शब्दात आहे : ‘बंड’.

कामाची वाटणी

पोर्ट शिकागो हे सॅन फ्रान्सिस्कोपासून साधारण ५५ किलोमीटरवर, सुइसन उपसागराच्या काठी. पॅसिफिकमधल्या लढाईला लागणारा दारूगोळा रेल्वेने इथे यायचा आणि जहाजांत भरला जायचा. डिसेंबर १९४२ मध्ये इथे जहाजे भरायला सुरुवात झाली. माल चढवणारे सगळे खलाशी काळे, त्यांच्यावरचे अधिकारी सगळे गोरे.

याला थोडी मागची गोष्ट आहे. जून १९४२ पर्यंत अमेरिकी नौदलात काळ्या माणसाला भरती व्हायची वाट जवळजवळ एकच होती, ती म्हणजे स्वयंपाकघर आणि जेवणाची टेबले. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात विमानविरोधी तोफ चालवून गाजलेला डॉरिस मिलर हा असाच भटारखान्यातला माणूस. ती तोफ चालवायचे शिक्षण त्याला कधी दिलेलेच नव्हते. त्याला नेव्ही क्रॉस हे मोठे पदक मिळाले, कौतुक झाले, त्याच्या चित्राची पोस्टरे लागली, पण १९४३ मध्ये समुद्रात मरेपर्यंत हुद्दा आचाऱ्याचाच राहिला. तर १९४२ नंतर दार थोडे उघडले. पोर्ट शिकागोला आलेली पोरे ग्रेट लेक्सच्या तळावर रीतसर नाविक शिक्षण घेऊन आली होती. जहाजावर जाऊ, लढू, अशी त्यांची समजूत. हातात आली ती हमाली.

हमाली हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. गणवेश होता, सलाम होता, लष्करी कायदा होता, काम मात्र गोदीतले. फरक एवढाच की गोदीतला हमाल काम सोडून घरी जाऊ शकतो.

कामाची पद्धत जवळून पाहू. मालगाडीच्या डब्यात बाँब एकमेकांत पाचर मारल्यासारखे घट्ट बसवलेले असत, मध्ये लाकडी फळ्या आणि आधार. ते आधी उपसून मोकळे करायचे. मोठे बाँब, काही हजार पौंडांचे, फळीच्या उतारावरून हातांनी लोळवत खाली आणायचे. मग जाळ्यात घालायचे, विंच या दोर ओढणाऱ्या यंत्राने उचलायचे, जहाजाच्या पोटात उतरवायचे. खाली दुसरी टोळी ते एकेक रचणार. बाँब एकमेकांवर आपटत, गोळ्यांना पोचे पडत. तोफगोळ्यांच्या टोकांत ओळखीसाठी भरलेला रंग गळायला लागलेलाही लोकांनी पाहिला होता. यात डिटोनेटर नाहीत, काही होत नाही, असे खलाशांना सांगितले जायचे. दारूगोळा कसा हाताळायचा याचे शिक्षण मात्र त्यांना नव्हते. वरच्या अधिकाऱ्यांपैकीही बहुतेकांना ते फारसे नव्हते.

आणि एक फळा होता. कुठल्या तुकडीने तासाला दर हॅचमागे, म्हणजे जहाजाच्या पोटात माल उतरवायच्या दर तोंडामागे, किती टन भरले, ते त्यावर खडूने लिहिले जायचे. लक्ष्य दहा टनांचे. तळाचे प्रमुख कॅप्टन मेरिल किन यांच्या मते हा फळा म्हणजे नौदलात नेमबाजीच्या स्पर्धा होतात तशीच निरोगी चुरस. खालच्या अधिकाऱ्यांनी ती चुरस आणखी पुढे नेली. आपली तुकडी जिंकेल म्हणून ते आपापसांत पैजा लावत. खलाशांना हे ठाऊक होते. वरिष्ठ येताना दिसले की वेग कमी करायचा, ते गेले की पुन्हा पळवायचा, असाही प्रकार चाले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगार संघटनेने नौदलाला आधीच बजावले होते की शिक्षण नसलेली माणसे स्फोटकांवर लावाल तर एक दिवस अपघात होईल. अनुभवी माणसे पाठवून शिकवायची तयारीही दाखवली होती. त्या काळी गोदीत विंचवर बसणाऱ्या माणसाला स्फोटकांच्या कामाला लावायच्या आधी बरीच वर्षे साध्या मालावर घासून घेत. नौदलाने ती सूचना घेतली नाही.

१७ जुलै, रात्री दहा वाजून अठरा मिनिटे

धक्क्याला दोन जहाजे होती. ‘ई. ए. ब्रायन’ चार दिवस भरले जात होते आणि त्याच्या पोटात सुमारे ४,६०० टन स्फोटके व दारूगोळा होता. दुसरे, ‘क्विनॉल्ट व्हिक्टरी’, अगदी नवे कोरे, पहिल्याच सफरीवर. ते भरायची तयारी चालली होती. धक्क्यावर मालगाडीचे सोळा डबे, त्यांत आणखी काही शे टन.

पहिला स्फोट आणि सहा-सात सेकंदांनी दुसरा, कित्येक पटींनी मोठा. बर्कलेच्या भूकंपमापकावर त्याची नोंद ३.४ तीव्रतेच्या भूकंपासारखी झाली. ‘ब्रायन’चा ओळखता येईल असा तुकडा उरला नाही. ‘क्विनॉल्ट व्हिक्टरी’ पाण्यातून उचलले गेले, फिरले, फुटले आणि त्याचा मागचा भाग दीडशे मीटरवर उलटा पडला. दीड मैलावरच्या गावातल्या थिएटरची भिंत सिनेमा चालू असताना आत झुकली. ३२० मृतांपैकी २०२ काळे खलाशी. ओळख पटेल अशी प्रेते ५१ सापडली. एका रात्रीत गेलेली ही माणसे म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या काळ्या सैनिकांच्या एकूण हानीचा सुमारे पंधरा टक्के वाटा.

मराठी वाचकाला इथे मुंबई आठवणारच. तीनच महिने आधी, १४ एप्रिलला, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ फुटले होते. त्याच्या पोटात कापूस होता, सोने होते आणि चौदाशे टनांच्या आसपास स्फोटके होती. पण मुंबईत आग तासन्‌तास दिसत होती, बंब आले, ६६ अग्निशामक कामावर मेले. काय झाले ते सांगायला माणसे उरली. पोर्ट शिकागोच्या धक्क्यावर असलेल्यांपैकी सांगायला कोणीच उरले नाही, आणि मग कारण कोणाच्या माथी मारायचे हे जे जिवंत होते त्यांनी ठरवले.

चौकशी

चार दिवसांत चौकशी बसली, ३९ दिवस चालली, १२५ साक्षीदार तपासले. त्यांत काळे पाच. जे काम झाडून काळी माणसे करत होती त्या कामाबद्दल पाच काळ्या माणसांना विचारले गेले आणि सव्वाशेतल्या बाकीच्या साऱ्यांनी त्यांच्या वतीने सांगितले. फळ्याचा विषय निघाला, पैजांचाही निघाला, आणि मिटवला गेला. अधिकाऱ्यांवर ठपका आला नाही. उलट काळ्या खलाशांची बुद्धी आणि वृत्तीच असल्या कामाला पुरी पडत नाही, अशा अर्थाचे मत नोंदले गेले. मला नेहमी इथे थांबावेसे वाटते. बुद्धी पुरी पडत नसेल तर मग त्यांनाच, फक्त त्यांनाच, या कामावर का लावले होते? हा प्रश्न त्या दालनात कोणाला सुचला नाही असे नाही वाटत. सोयीचा नव्हता, इतकेच.

दरम्यान बंदरावर वाचलेल्यांनी काय केले? सुमारे दोनशे काळे खलाशी साफसफाईला थांबले. म्हणजे सोबत्यांचे अवशेष गोळा करायला. त्यांच्यातल्या एकाने पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितले की बूट सापडायचा आणि त्यात पाय असायचा. जहाज किंवा तळ असा उडाला की वाचलेल्यांना तीस दिवसांची रजा देण्याचा नौदलात रिवाज होता. गोऱ्या अधिकाऱ्यांना ती मिळाली. काळ्यांना मिळाली नाही, इस्पितळातून नुकत्याच आलेल्यांनाही नाही. तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा त्यांना व्हॅलेहोच्या बराकीत आणून ठेवले. समोर पाण्यापलीकडे मेअर आयलंड, आणि तिथे पुन्हा दारूगोळ्याचे जहाज.

चौरस्ता

९ ऑगस्ट. जहाजाचे नाव ‘सँगे’. तुकड्या रांगेने चालू लागल्या. कुठे चाललोय हे कोणी सांगितले नव्हते. पुढे रस्ता फुटत होता. एक वाट संचलनाच्या मैदानाकडे, दुसरी डावीकडे, फेरीकडे, म्हणजे दारूगोळ्याच्या धक्क्याकडे. हुकूम आला, डावीकडे वळा. रांग थबकली.

या रांगेच्या कडेने, पावले मोजत, जोसेफ स्मॉल नावाचा विंचवाला खलाशी चालत होता. हुद्द्याने तो काही नव्हता. आपल्या गोदीच्या भाषेत मुकादम म्हणता येईल असा माणूस, ज्याचे ऐकले जाते. तोही थांबला. ३२८ जणांपैकी २५८ जणांनी दारूगोळा भरायला जाणार नाही म्हणून सांगितले. दुसरा कुठलाही हुकूम द्या, पाळतो, हे फक्त नको, भीती वाटते, असे बहुतेकांचे म्हणणे होते. कोणी अधिकाऱ्यावर हात उगारला नाही, शस्त्र उचलले नाही, तळ सोडून पळाले नाही.

मग त्या २५८ जणांना एका तराफ्यावर कोंडले. त्यांच्या तिप्पट-चौपट कमी माणसांसाठी बांधलेला, धक्क्याला बांधून ठेवलेला तो पडाव. तीन दिवस तिथे. चिडचिड वाढू लागली, काहींनी चमचे घासून टोकदार करायला घेतले. स्मॉलने सगळ्यांना एकत्र बोलावले आणि सांगितले की दंगामस्ती करू नका, पहारेकऱ्यांशी वाकडे वागू नका, एकजुटीने राहा, त्यांना निमित्त देऊ नका. चार मिनिटांची ती बैठक असेल नसेल. तीच पुढे कटाचा सर्वांत मोठा पुरावा झाली. माणसांना शांत करणारा माणूस पुढारी ठरला, आणि पुढारी आहे म्हणजे कट आहे.

११ ऑगस्टला त्या भागातल्या नौदलाचे प्रमुख ॲडमिरल कार्लटन राइट आले. मैदानात सगळ्यांना उभे करून त्यांनी सांगितले की युद्धकाळात बंडाची शिक्षा मृत्यू आहे, आणि बाँब भरण्यापेक्षा गोळीबार पथकाची जोखीम मोठी आहे. मग दोन गट करायला सांगितले, हुकूम मानणारे इकडे, न मानणारे तिकडे. भाऊ, मित्र, एकाच खाटेशेजारचे लोक एकमेकांकडे बघत वेगळे झाले. ४४ जण न मानणाऱ्यांत उभे राहिले. पुढच्या दिवशी आणखी सहा. पन्नास.

उरलेल्या २०८ जणांनी मान्य केले तरी ते सुटले नाहीत. त्यांच्यावर किरकोळ कोर्ट मार्शल चालवून तीन महिन्यांचा पगार कापला आणि वर्तनाचा डाग लावला.

बंड म्हणजे काय

खटला १४ सप्टेंबरला सुरू झाला. सात अधिकाऱ्यांचे न्यायासन, सगळे गोरे. एकाच वेळी पन्नास आरोपी, आरोप बंडाचा. बचावाचे वकील लेफ्टनंट जेराल्ड व्हेल्टमन यांनी खटल्याचे मर्म पहिल्याच दिवसांत पकडले. बंड म्हणजे सत्ता उलथवायचा, झुगारायचा ठरवून केलेला प्रयत्न. घाबरून काम नाकारणे हा हुकूम मोडण्याचा गुन्हा होईल, बंड कसे होईल? शिवाय पन्नासांतल्या कित्येकांना थेट हुकूम असा कोणी दिलाच नव्हता. ‘जायला तयार आहेस का?’ एवढेच विचारले होते. तयार आहेस का हा प्रश्न आहे, आज्ञा नाही. मला हा मुद्दा कायद्याच्या कुठल्याही वर्गात शिकवण्यासारखा वाटतो.

फिर्यादी बाजूचे जेम्स कोकली यांचे म्हणणे सोपे होते : दोघांनी किंवा जास्तांनी मिळून काम नाकारले की ते बंड. न्यायासनाने हेच उचलले.

आरोपींत ऑली ग्रीन हा खलाशी होता, नकाराच्या आदल्या दिवशी मनगट मोडलेला, प्लास्टरमध्ये. त्याने कसली चाल रचली होती असे कोणी म्हणू शकत नव्हते, तो उचलणार तरी काय होता? एका हाताच्या माणसालाही धक्क्यावर करण्यासारखे पुष्कळ असते, असे कोकली यांचे उत्तर. याच ग्रीनने साक्षीत तुकड्यांच्या शर्यतीची गोष्ट उघड सांगितली. कोर्टात फळा पहिल्यांदा आला तो असा, मनगट मोडलेल्या माणसाच्या तोंडून.

१० ऑक्टोबरपासून कोर्टात एक नवा प्रेक्षक येऊन बसू लागला. नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेचे मुख्य वकील थरगुड मार्शल, जे १९६७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झाले. खटल्यात त्यांना बोलता येत नव्हते, पण बाहेर ते रोज पत्रकारांशी बोलत. खटला पन्नास माणसांवर नाही, नौदलाच्या साऱ्या धोरणावर आहे, ही त्यांची भूमिका. एक प्रश्न ते पुन:पुन्हा विचारत : गोदी कामगार संघटनेचा इशारा बाजूला का ठेवला, आणि या तळावर दारूगोळा भरणारे एकजात काळेच का?

२४ ऑक्टोबरला न्यायासन विचार करायला उठले. ८० मिनिटांत परतले, त्यातच जेवणही झाले असणार. पन्नास आरोपींचे प्रत्येकी दीड मिनिट धरा. सगळे दोषी, प्रत्येकाला १५ वर्षे. नोव्हेंबरमध्ये राइट यांनी चाळीस जणांची शिक्षा आठ, दहा, बारा वर्षांपर्यंत खाली आणली. स्मॉलसह दहा जणांची १५ वर्षे कायम राहिली.

त्यानंतर

आंदोलन उठले, अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल यांच्याकडे विचारणा केली, मार्शल यांनी अपील केले. अपील फेटाळले गेले. पण जानेवारी १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर, पन्नासांपैकी ४७ जणांना सोडून दिले. निर्दोष म्हणून नाही, दया म्हणून. गुन्हा कागदावर तसाच. दरम्यान दारूगोळा भरायला गोऱ्या तुकड्याही लावायला सुरुवात झाली होती, म्हणजे मार्शल यांच्या प्रश्नाचे उत्तर नौदलाने न बोलता दिले. २७ फेब्रुवारी १९४६ रोजी नौदलाने वर्णावरून कामे आणि तळ वेगळे ठेवण्याची पद्धत बंद केली, सगळ्या सेनादलांतला वर्णभेद संपवणाऱ्या अध्यक्ष ट्रुमन यांच्या १९४८ च्या आदेशाच्याही आधी.

तारीख बघून आपल्याला दचकायला होते. त्याच्या नऊच दिवस आधी, १८ फेब्रुवारीला, मुंबईत ‘तलवार’ तळावरच्या खलाशांनी अन्न नाकारले होते. तक्रारी तिथेही दोन : ताटात पडणारे अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडची वंशावरून शिवी. त्या पोरांनी आपल्या समितीच्या नावात ‘स्ट्राइक’ हा शब्द ठेवला. इंग्रजांनी त्याला बंड म्हटले आणि आपणही नंतर अभिमानाने ‘नाविकांचे बंड’च म्हणत आलो. आपल्याकडे तो शब्द पदकासारखा छातीवर बसला. पोर्ट शिकागोच्या पन्नास जणांना मात्र तो नोकरी मागताना, घर मागताना, मुलांना सांगताना लपवावा लागला. कित्येकांनी घरी अवाक्षर काढले नाही.

१९९४ मध्ये नौदलाने प्रकरण पुन्हा तपासले. कामाच्या वाटणीत वंशभेद होता हे मान्य केले, खटला मात्र निष्पक्ष ठरवून निकाल तसाच ठेवला. मग माफीचा मार्ग निघाला, आणि इथे वाचलेल्यांत दोन मते पडली. स्मॉल यांचे म्हणणे असे की माफी म्हणजे तू दोषी आहेस पण जाऊ दे. ती त्यांना नको होती. फ्रेडी मीक्स यांनी मागितली, डिसेंबर १९९९ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी दिली. मीक्स तेव्हा ऐंशीचे होते. इतकी वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट निदान लोकांना कळेल, असे त्यांचे म्हणणे. दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवायचा अधिकार आपल्याला नाही असे मला वाटते.

१७ जुलै २०२४ रोजी, स्फोटाला बरोबर ८० वर्षे झाल्यावर, नौदलमंत्री कार्लोस डेल टोरो यांनी २५६ जणांना निर्दोष जाहीर केले. उरलेल्या दोघांवरचा डाग आधीच पुसला गेला होता. कारणे कायद्याचीच दिली : हितसंबंध वेगवेगळे असणाऱ्या आरोपींचा खटला एकत्र चालवला, वकिलाचा हक्क नावापुरता राहिला. आणि तिसरे कारण असे की स्फोटाच्या चौकशीचा अहवाल पुरा व्हायच्या आधीच कोर्ट मार्शल उरकले होते. बचावाला तो अहवाल मिळायला हवा होता. त्यात दारूगोळा भरायची पद्धत सुधारण्यासाठी एकोणीस शिफारशी होत्या.